न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजी (मेंदूशी संबंधित नजरेचे आजार) ओपीडीचा अनुभव (पुणे), वडील ७३ वर्षांचे

दिवाळीनंतर बाबांच्या ताटात डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहायला लागली, विचारलं तर म्हणायचे वाढलीच नाही. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा, डोकं दुखायचं, मधूनच नातवाला माझ्या नावाने हाक मारायचे. आम्हाला वाटलं वय झालं, नंबर वाढला असेल. दोन महिन्यांत दोन चष्मे केले, पैशांचं जाऊदे पण वेळ गेला त्याचं फार वाईट वाटतं.

शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलच्या या ओपीडीत गेलो. मॅडमनी एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावली आणि लगेच फील्ड टेस्टला (बाजूचं कुठवर दिसतं ते तपासायला) पाठवलं. त्यात मशीनवर हनुवटी टेकवून समोरच्या दिव्याकडे बघत राहायचं, बाजूला कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. बाबा दमले तर टेक्निशियन ताईंनी टेस्ट थांबवली, पाणी दिलं, परत पहिल्यापासून समजावलं, हे मी विसरणार नाही. रिपोर्टमध्ये दोन्ही डोळ्यांची डावी बाजू काळी. मॅडम म्हणाल्या, "काका, डोळे ठीक आहेत, मेंदूत उजवीकडे मागच्या भागात काहीतरी बिघाड असावा असं वाटतंय मला, एमआरआय आजच करू." चिठ्ठीवर एसडब्ल्यूआय सीक्वेन्स (एमआरआयमधलाच एक खास प्रकार) हवाच असं स्वतः लिहिलं, बारीक रक्तस्रावाचे ठिपके त्यात नीट दिसतात म्हणून.

निघालं सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपॅथी रिलेटेड इन्फ्लमेशन. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड प्रोटीन साठतं आणि आपलीच प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते. आजार दुर्मीळ, बहुतेक म्हातारपणीच होणारा, पण स्टेरॉइडने बऱ्याच जणांना फरक पडतो. न्यूरोलॉजिस्ट त्याच मजल्यावर, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ॲडमिट. रोज १ ग्रॅम मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ दिवस शिरेतून, मग गोळ्या हळूहळू कमी. बाबा सवयीने ॲस्पिरिन घ्यायचे, रक्तस्रावाचा धोका म्हणून तीही डॉक्टरांनी बंद केली.

तक्रारी आहेत. तीन तास वेटिंग, टेस्टच्या खोलीबाहेर चारच खुर्च्या, आणि सूचनांचा कागद बारीक अक्षरात, तोही इंग्रजीत. डोळ्यांच्या पेशंटला मोठ्या अक्षरात मराठी कागद द्यायलाच हवा.

आठवड्यात डोकेदुखी थांबली, नातवाचं नाव बरोबर येतंय. डावीकडचं खालचं अजून दिसत नाही, आई चटणी उजवीकडे वाढते. आजार उलटू शकतो म्हणून पुन्हा एमआरआय आहेच. जाणार असाल तर सगळ्या गोळ्यांची यादी आणि जुने चष्म्याचे नंबर सोबत न्या, आणि सकाळी लवकरचा नंबर घ्या, फील्ड टेस्ट दमलेल्या माणसाला नीट देता येत नाही.