आक्षेपाच्या रकान्यासाठी घ्यावा असा संच

शासनप्रणाली, तत्त्वज्ञान आणि विज्ञान या तीन क्षेत्रांतील मूलभूत संकल्पना एकेका कार्डावर मांडणारा छापील संच गेले काही आठवडे मी वापरत आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण याच धर्तीचे संच बाजारात बरेच आहेत आणि पुढील बहुतेक मुद्दे त्या सर्वांनाच थोड्याफार फरकाने लागू पडतात. कार्डे जाड आहेत, छपाई स्वच्छ आहे, तीन विभागांना तीन रंग दिलेले आहेत. दर्शनी बाजूला संकल्पनेचे नाव आणि एक रेखाचित्र आहे. मागील बाजूला ‘थोडक्यात’, ‘कोणी आणि केव्हा’ आणि ‘आक्षेप’ असे तीन रकाने आहेत. अक्षरांचा आकार मात्र फार लहान आहे, आणि ‘आक्षेप’ हा रकाना फिकट राखाडी शाईत छापण्याची कल्पना ज्याला सुचली त्याने तो रकाना स्वतः वाचला नसावा, कारण संपूर्ण संचातील सर्वांत मोलाचा मजकूर नेमका तिथेच आहे.

तत्त्वज्ञानाच्या विभागात हे ठळकपणे जाणवते. ‘मन आणि शरीर’ या कार्डावर फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्तचे द्वैत तीन ओळींत आटोपले आहे: मन ही विचार करणारी वस्तू, शरीर ही जागा व्यापणारी वस्तू, आणि दोन्ही परस्परांपासून भिन्न. एवढे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळते. पण आक्षेपाच्या रकान्यात बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये देकार्तला पत्रातून विचारलेला प्रश्न दिला आहे. एखादी वस्तू हलवायची तर तिला स्पर्श करावा लागतो, आणि स्पर्शासाठी आकार लागतो. मग ज्याला आकारच नाही असे मन शरीराला हलवते तरी कसे? देकार्तने उत्तरे दिली, परंतु त्यांतील एक असे होते की मन आणि शरीर यांचे ऐक्य चिंतनातून नव्हे, तर रोजच्या जगण्यातून आणि साध्या गप्पांतून उमजते. स्वतःच्या चिंतनावर अख्खे ज्ञानशास्त्र उभारणाऱ्या माणसाने असे म्हणावे, यातच त्या प्रश्नाचे बळ दिसते. कार्ड याहून पुढे जात नाही, आणि ते योग्यच आहे.

कांटच्या ‘निरपेक्ष आदेशा’चे कार्डही याच जातीचे आहे. जो नियम सर्वांनी पाळावा असे तुम्ही म्हणू शकता त्याच नियमाने वागा, हे सूत्र दिल्यानंतर लगेच बेंजामिन कॉन्स्टंटची हरकत येते: खुनी माणूस दाराशी येऊन तुमचा मित्र आत आहे का असे विचारतो, तेव्हाही खरेच बोलायचे का? कांटने १७९७ मध्ये होय असेच उत्तर दिले, हे नमूद करण्याचे धाडस संपादकांनी दाखवले आहे. बहुतेक परिचयपर साहित्य तत्त्ववेत्त्याला त्याच्या अवघड उत्तरांपासून वाचवते आणि त्यामुळे त्याला निरुपद्रवी करून टाकते. उपयुक्ततावाद, अज्ञानाचा पडदा (समाजातील स्वतःचे स्थान ठाऊक नाही असे मानून न्याय्य नियम निवडणे) आणि स्वेच्छास्वातंत्र्य यांची कार्डे ठीक आहेत. अस्तित्ववादाचे कार्ड म्हणजे सुविचारांची पाटी झाली आहे आणि ते वगळले तरी चालले असते.

विज्ञानाच्या विभागातील सर्वांत उत्तम कार्ड ‘खंडनक्षमता’ हे आहे, आणि केवळ या एका कार्डासाठी संच हाताळून पाहावा असे मी म्हणेन. कार्ल पॉपरने १९३४ मध्ये मांडलेला निकष असा की जो सिद्धांत कोणत्या निरीक्षणाने खोटा ठरेल हे आधीच सांगू शकतो तोच वैज्ञानिक. उदाहरण म्हणून २९ मे १९१९ चे सूर्यग्रहण घेतले आहे. सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारे १.७५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वळेल असे आइनस्टाइनचे गणित होते, तर न्यूटनच्या धर्तीवर केलेले गणित त्याच्या निम्मेच वळण सांगत होते. ब्राझीलमधील सोब्राल आणि आफ्रिकेजवळील प्रिन्सिपी बेट येथून घेतलेल्या छायाचित्रांनी कौल आइनस्टाइनच्या बाजूने दिला. इथपर्यंतची गोष्ट सर्वज्ञात आहे.

आक्षेपाच्या रकान्यात मात्र ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाची कथा येते आणि कार्डाचा दर्जा एकदम उंचावतो. युरेनसची कक्षा न्यूटनच्या नियमांशी जुळत नव्हती. निकष काटेकोरपणे लावायचा तर न्यूटन तिथेच खोटा ठरायला हवा होता. ल व्हेरिएने त्याऐवजी एक न दिसलेला ग्रह गृहीत धरला, त्याची जागा गणिताने काढली, आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गाल या खगोलज्ञाला नेपच्यून त्या जागेपासून एक अंशाच्या आत सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही तफावत आढळली तेव्हा त्याच ल व्हेरिएने तीच युक्ती पुन्हा वापरली आणि सूर्याजवळ आणखी एक ग्रह असल्याचे सुचवले. त्याला व्हल्कन हे नावही मिळाले. हा ग्रह कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच. बुधाची तफावत १९१५ मध्ये आइनस्टाइनच्या सामान्य सापेक्षतेने सुटली. एकच माणूस, एकच युक्ती, एकदा महान शोध आणि एकदा निव्वळ भ्रम, आणि त्या क्षणी दोहोंतील फरक सांगू शकेल असा कोणताही नियम हाताशी नाही. पॉपरचा निकष जितका सोपा वाटतो तितका तो वापरायला सोपा का नाही, हे याहून कमी शब्दांत सांगितलेले माझ्या वाचनात नाही.

याच विभागात दोन ढोबळ चुकाही आहेत. हायझेनबर्गच्या १९२७ च्या अनिश्चितता तत्त्वाचे स्पष्टीकरण देताना कार्ड म्हणते की इलेक्ट्रॉन पाहण्यासाठी त्यावर प्रकाश टाकावा लागतो, त्यामुळे त्याला धक्का बसतो, आणि म्हणून स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) एकाच वेळी अचूक मोजता येत नाहीत. हायझेनबर्गने स्वतः असे उदाहरण वापरले होते हे खरे. परंतु आज या तत्त्वाचा अर्थ त्याहून खोल मानला जातो. पुंज (क्वांटम) अवस्थेत स्थानाचा पसारा कमी केला की संवेगाचा पसारा वाढतोच, कोणी मोजो अथवा न मोजो. धक्क्याची कल्पना वाचकाच्या मनात अशी समजूत रुजवते की पुरेसे नाजूक उपकरण मिळाले तर प्रश्न सुटेल, आणि ही समजूत पुढे काढून टाकणे फार कठीण जाते.

दुसरी चूक रेखाचित्रात आहे. ‘वैज्ञानिक पद्धत’ या कार्डावर एक शिडी काढली असून तिच्या पायऱ्यांवर अनुक्रमे निरीक्षण, गृहीतक, सिद्धांत आणि सर्वांत वर ‘नियम’ असे लिहिले आहे, जणू पुरेसा पुरावा जमला की सिद्धांताला बढती मिळून त्याचा नियम होतो. असे कधीच होत नाही. नियम काय घडते ते सांगतो, सिद्धांत ते का घडते हे सांगतो. ग्रहांचा परिभ्रमणकाळ आणि सूर्यापासूनचे अंतर यांचे नाते सांगणारा केप्लरचा तिसरा नियम १६१९ मध्ये आला, आणि तो तसा का आहे याचे उत्तर न्यूटनने १६८७ मध्ये दिले. म्हणजे शिडी वापरायचीच झाली तर येथे नियमच खालच्या पायरीवर बसतो. उत्क्रांती ‘केवळ सिद्धांत आहे’ असे म्हणणाऱ्यांच्या हाती हे चित्र आयते कोलीत देते. शिवाय उत्क्रांतीच्या कार्डावर ‘बलिष्ठ तोच टिकतो’ हे वाक्य डार्विनच्या नावावर टाकले आहे. योग्यतमाच्या टिकण्याविषयीचा मूळ शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ चा. डार्विनने तो पुढे १८६९ च्या आवृत्तीत स्वीकारला, आणि त्यात बळाचा काहीही संबंध नव्हता.

आता शासनप्रणालींकडे वळतो, आणि माझी खरी तक्रार येथे आहे. या विभागातील कार्डांवर आक्षेपाचा रकानाच नाही. त्याच्या जागी ‘उदाहरणे’ असा रकाना घालून देशांची नावे दिली आहेत. राजेशाही, लोकशाही, प्रजासत्ताक, संघराज्य, संसदीय पद्धत, अध्यक्षीय पद्धत, हुकूमशाही अशी सगळी कार्डे एका ओळीत मांडली आहेत आणि प्रत्येक देश कोणत्या तरी एका कार्डावरच येईल अशी दक्षता घेतली आहे. यातून असा समज होतो की या प्रणाली एकमेकींना पर्याय आहेत. वस्तुतः ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. राष्ट्रप्रमुखपद वंशपरंपरेने मिळते की नाही, मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार आहे की नाही, सत्ता केंद्र आणि घटक राज्ये यांत संविधानाने वाटलेली आहे की नाही, आणि राज्यकर्त्यांना मतदानाने खाली खेचता येते की नाही, हे चार प्रश्न परस्परांपासून बरेचसे स्वतंत्र आहेत. जपानमध्ये सम्राट, संसदीय सरकार आणि एकात्म राज्य. ऑस्ट्रेलियात राजमुकुट, संसदीय सरकार आणि संघराज्य. अमेरिकेत राजा नाही, अध्यक्षीय पद्धत आणि संघराज्य. ज्या संचात ब्रिटन ‘राजेशाही’च्या कार्डावर आहे आणि ‘लोकशाही’च्या कार्डावर नाही, तो वाचणाऱ्याला उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात लोकशाही आणि प्रजासत्ताक हे दोन्ही शब्द कसे, याचे उत्तर कधीच देऊ शकणार नाही.

स्वित्झर्लंडला तर कुठेच जागा मिळालेली नाही, आणि ते स्वाभाविक आहे. तेथील सात सदस्यांचे कार्यकारी मंडळ संसद निवडते, म्हणून ते संसदीय वाटते. पण चार वर्षांच्या मुदतीत संसद त्याला अविश्वास ठरावाने काढू शकत नाही, म्हणून ते अध्यक्षीय वाटते. अशा अपवादांनीच वर्गीकरणाचा अर्थ कळतो. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यातील, म्हणजे तेथील संविधानातील, तरतुदीचे एखादे कार्ड असायला हवे होते: चॅन्सेलरला, म्हणजे सरकारप्रमुखाला, हटवायचे तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो, केवळ नकार पुरत नाही. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले ते याच मार्गाने. संसदीय पद्धतीवरील सर्वांत जुना आक्षेप, म्हणजे सरकारे वारंवार कोसळण्याचा, आणि त्यावरचा एक उपाय असे दोन्ही त्या एका कार्डात मावले असते.

आक्षेपांचा तुटवडा आहे असेही नाही. ॲरिस्टॉटलने शासनप्रकारांची सहा गटांत विभागणी केली आणि लोकशाहीला बिघडलेल्या प्रकारांत टाकले, कारण त्याच्या मते ती सर्वांच्या नव्हे, तर गरीब बहुसंख्यांच्या हिताने चालते. अथेन्समध्ये पाचशे जणांचे मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडले जाई आणि निवडणूक ही धनिकांना सोयीची पद्धत समजली जाई. निवडणूक म्हणजेच लोकशाही असे मानणाऱ्याला यातून बराच विचार करता येईल. माँतेस्क्यूने १७४८ मध्ये इंग्लंडच्या व्यवस्थेत सत्ताविभाजन पाहिले, तर वॉल्टर बॅजटने १८६७ मध्ये त्याच व्यवस्थेचे गुपित कायदेमंडळ आणि कार्यकारी मंडळ जवळजवळ एकजीव असण्यात आहे असे सांगितले. यातले एकही वाक्य संचात नाही. ‘सत्ताविभाजन’ या कार्डावर तीन खांबांचे मंदिर मात्र आहे.

या विभागातील एकमेव अपवाद ‘मतदानाचा विरोधाभास’ हे कार्ड आहे. कदाचित ते गणिताच्या बाजूने लिहिले गेले असावे. कोंदोर्से याने १७८५ मध्ये दाखवलेली गोष्ट तीन मतदारांच्या छोट्या तक्त्यात बसवली आहे: पहिल्याची पसंती क, ख, ग, दुसऱ्याची ख, ग, क, तिसऱ्याची ग, क, ख. दोन विरुद्ध एक मतांनी क हा ख ला हरवतो, तितक्याच मतांनी ख हा ग ला हरवतो, आणि ग हा क ला. प्रत्येक मतदार सुसंगत आहे, बहुमत मात्र गोल गोल फिरते. खाली केनेथ ॲरोने १९५१ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयाचा (तीन किंवा अधिक पर्याय असतील तर पसंतीक्रमांवर चालणारी कोणतीही पद्धत काही किमान वाजवी अटी एकत्र पाळू शकत नाही) उल्लेख आहे, आणि त्याखाली, बहुधा चुकून, आक्षेपाचा रकानाही शिल्लक राहिला आहे: सर्वांची मते डावे-उजवे अशा एकाच रेषेवर मांडता येत असतील तर हे चक्र उद्भवत नाही, हे डंकन ब्लॅकने १९४८ मध्ये दाखवले होते.

सोबतच्या पुस्तिकेत कार्डे वापरून खेळायचा एक खेळ सुचवला आहे, ज्यात संकल्पना आणि तिचे वर्ष यांची जोडी लावायची असते; तो कंटाळवाणा आहे. महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्यांना, वादविवाद स्पर्धेची तयारी करणाऱ्यांना आणि ज्यांनी हे विषय फार पूर्वी सोडले त्यांना तत्त्वज्ञानाचा आणि विज्ञानाचा भाग जरूर उपयोगी पडेल. तिन्ही विभाग सुटे विकले जातात असे खोक्यावर छापले आहे. तसे मिळत असतील तर शासनप्रणालींचा विभाग पुढील आवृत्तीपर्यंत घेऊ नये, आणि त्यातले मतदानाचे ते एक कार्ड कोणाकडून तरी उतरवून घ्यावे.