हेफेवायझनसाठी यीस्ट: लिक्विड की ड्राय?

हेफेवायझन म्हणजे जर्मन पद्धतीची गव्हाची बीअर. तिच्यात निम्म्याहून जास्त गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) नावापुरते आणि बाकी सगळी चव यीस्टच्या हातात. म्हणून माल्टच्या निवडीवर मी फार वेळ घालवत नाही. यीस्ट मात्र दोन वापरून पाहिली, आलटून पालटून, बऱ्याच बॅचेसमध्ये. एक जर्मनीतल्या वाइहेनश्टेफानच्या यीस्ट-संग्रहातल्या ६८ क्रमांकाच्या वंशातलं लिक्विड. दुसरं व्हीट बीअरसाठी म्हणून मिळणारं ड्राय, डायस्टॅटिकस जातीचं (ही जात काय करते ते पुढे येईल). अमेरिकन न्यूट्रल यीस्ट इथे धरलेलं नाही. त्यात लवंगेचा वास तयारच होत नाही, त्यामुळे बीअर कितीही स्वच्छ झाली तरी ते वेगळंच पेय आहे.

सुगंधात दोघंही कमी नाहीत, पण स्वभाव वेगळा. लिक्विडमध्ये केळं आणि लवंग एकमेकांत मुरलेले लागतात, आणि त्यांचं प्रमाण बरंचसं आपल्याला ठरवता येतं. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा. यीस्ट थोडं कमी घातलं आणि तापमान २२ अंशांकडे नेलं की तो वर येतो. लवंगेचा वास ४-विनाइल ग्वायाकॉलचा. त्याचा कच्चा माल म्हणजे माल्टमधलं फेरुलिक आम्ल, आणि मॅश (दळलेलं माल्ट आणि गरम पाण्याचं मिश्रण) ४३ ते ४५ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं थांबवला की ते जास्त सुटतं. तो थांबा घेऊन आंबवण १७-१८ अंशांवर ठेवली, तर माझ्या नाकाला लवंग स्पष्ट पुढे आल्यासारखी वाटते. ड्रायवर मी हेच सगळं केलं. फरक पडतो, नाही असं नाही, पण लवंगेऐवजी मिरीकडे झुकणारा तिखटपणा आणि किंचित आंबट कड प्रत्येक वेळी राहिलीच. काहींना नेमकी तीच आवडते, उन्हाळ्यात ती छान लागतेही.

सोयीत ड्राय उजवं, यात वाद नाही. पाकीट फ्रिजमध्ये महिनोन्‌महिने टिकतं, लागेल तेव्हा फोडलं की झालं. लिक्विड लवकर म्हातारं होतं. शिवाय त्याचा फेस अनावर असतो. भांड्याचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवा असं सांगतात ते उगाच नाही. मी एकदा तेवढी जागा सोडली नाही आणि सकाळी झाकणाभोवतीचं सगळं पुसत बसलो. पहिले काही दिवस गंधकाचा वासही येतो. घाबरू नका, तो जातो.

माझा निर्णय मात्र सुगंधावर झाला नाही आणि सोयीवरही नाही. तो बाटल्यांनी केला.

डायस्टॅटिकस यीस्टमध्ये एसटीए-१ नावाचं जनुक असतं. त्याच्या जोरावर ते ग्लुकोअमायलेज हे एन्झाइम बाहेर सोडतं, आणि इतर यीस्टना न पचणारी डेक्सट्रिन्स (माल्टमधल्या लांब साखळीच्या साखरा) हळूहळू तोडून खात राहतं. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. माझ्या बीअरची घनता (पाण्याची १.०००; साखर संपत जाते तशी ती उतरते) १.०५० वरून १.०१० वर आली. तीन दिवसांनी पुन्हा मोजली, तरी १.०१०. मी बाटल्या भरल्या. दुसऱ्या आठवड्यात अप्रतिम होती. पाचव्या आठवड्यात बूच काढलं की निम्मी बाटली टेबलावर, आणि उरलेल्या निम्मीत तळाचा गाळ ढवळून वर आलेला. गॅस काढून मोजली तर १.००७. आकडा किरकोळ वाटतो, पण घनता ०.००१ ने उतरली की साधारण अर्धा व्हॉल्यूम (म्हणजे बीअरच्या निम्म्या आकारमानाइतका) कार्बन डायऑक्साइड वाढतो. म्हणजे दीड व्हॉल्यूम जादा, आणि तेही जिथे मुळातच तीन-साडेतीन भरलेले असतात अशा बीअरमध्ये. पातळ काचेची बाटली असती तर फुटलीही असती. पुढच्या वेळी मी तीन आठवडे थांबलो. बाटल्या शांत राहिल्या, पण बीअर १.००५ पर्यंत उतरून पाणचट झाली होती. गव्हाचा तो मऊ, भरलेला घोट उरलाच नव्हता. हेफेवायझन मी त्या घोटासाठीच करतो.

लिक्विड १.०१२ च्या आसपास थांबतं आणि तिथेच राहतं. चार महिन्यांची बाटलीही पहिल्या महिन्यासारखीच उघडते. यासाठी मी फेस पुसायला तयार आहे.

तुम्ही केगमध्ये (धातूच्या पिंपात) भरत असाल, बीअर थंड ठेवून लवकर संपवत असाल आणि कोरडी, चुरचुरीत बीअर आवडत असेल, तर ते ड्राय तुम्हाला त्रास देणार नाही, कदाचित जास्तच आवडेल. बाटल्या भरणार असाल आणि लिक्विड मिळतच नसेल, तर म्युनिक क्लासिकसारखं डायस्टॅटिकस नसलेलं ड्राय बघा. माहितीपत्रकात अ‍ॅटेन्युएशन (यीस्ट किती टक्के साखर खातं तो आकडा) ८५ टक्क्यांच्या वर दिसलं की तिथे थांबून चौकशी करा. आणि डायस्टॅटिकस आधी वापरून झालं असेल, तर बाटल्या भरायची प्लॅस्टिकची नळी बदलून टाका, तिच्यात ते यीस्ट चिकटून राहतं. माझ्या पुढच्या दोन साध्या बॅचेस विनाकारण कोरड्या पडल्या, आणि नळी बदलल्यावर ते थांबलं.