नेपाळच्या 'व्हिसा'साठी मी ९,५०० रुपये भरले

हो, नेपाळच्याच. भारतीयाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला ते काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर उतरल्यावर कळलं. काउंटरवरच्या माणसाने माझं छापील 'परमिट' उलटसुलट पाहिलं, परत हातात ठेवलं आणि पुढे व्हायची खूण केली. तिथूनच माघारी फिरायला हवं होतं.

मी मूळची सोलापूरची, ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे आजारी-दिव्यांग माणसाला रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचारांची विद्यार्थिनी. शेवटच्या वर्षाला असताना व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली. दोन आठवडे कम्युनिटी प्लेसमेंट (वस्तीत राहून प्रत्यक्ष कामाचा सराव), अनाथ दिव्यांग मुलांसोबत काम, १२० तास, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. फी ७८,०००, व्हिसा-परमिटचे वेगळे. आम्ही गळाला लागलो ते एका वाक्यामुळे: 'हे तास वर्ल्ड फेडरेशनच्या हजार तासांत धरले जातात.' ऑक्युपेशनल थेरपीच्या शिक्षणात किमान १,००० तास प्रत्यक्ष काम झालंच पाहिजे, हा या फेडरेशनचा, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक संघटनेचा दंडक. परदेशी जायचं ठरवलेल्यांना हा आकडा पाठ असतो. पण फेडरेशन मान्यता देते ती अभ्यासक्रमाला, कुणी बाहेरून विकलेल्या सहलीला नाही. आमच्या मॅडमना विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. विचारलं नाही, कारण जागा म्हणे चारच उरल्या होत्या. बाबांनी भिशी उचलली, पैसे यूपीआयने एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर गेले. सरकारमान्यतेचा पुरावा म्हणून जाहिरातवाल्यांनी उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंदणीचा कागद पाठवला. ते आपणच माहिती भरून फुकट काढायचं असतं. आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडेही आहे.

भक्तपूरच्या बाहेर एक तीन मजली घर, वर 'रिहॅबिलिटेशन सेंटर'ची पाटी. थेरपिस्ट कुठे आहेत? "सर उद्या येतील." सर चौदा दिवसांत आले नाहीत. सकाळी मुलांच्या आंघोळी, दुपारी खेळ. फोटो मात्र रोज संध्याकाळी सहाच्या आत ग्रुपवर टाकायचे.

सात-आठ वर्षांची एक मुलगी होती, सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसलेली. पहिल्या दिवशी मी गोनिओमीटर, म्हणजे सांधा किती वळतो ते मोजायचं साधन, बाहेर काढला, आणि मी काही बोलायच्या आत तिने स्वतःच बाही वर सरकवली, कोपर पुढे केलं. मग मनगट. मग घोटा. क्रमसुद्धा बरोबर! फाइल मागितली तर प्लास्टिकच्या पिशवीतून अकरा असेसमेंट फॉर्म निघाले, अकरा जणींच्या अक्षरांतले. पुढे काय करायचं हा रकाना सगळ्यांत कोरा. तिचे स्प्लिंट (हातपाय नीट ठेवायचे आधार) कपाटावर पडलेले, केव्हाच लहान झालेले. मी बारावा फॉर्म भरला. बघायला कुणी जाणतं नसताना तिचे आखडलेले पाय ताणायची माझी छाती झाली नाही. नेपाळात थेरपिस्टांची नोंदणी हेल्थ प्रोफेशनल कौन्सिल करते. माझ्याकडे तर अजून डिग्रीही नव्हती.

आणि अनाथ म्हणाल, तर तिची आई तिथल्याच वीटभट्टीवर कामाला होती. शनिवारी, म्हणजे त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, डबा घेऊन आली. आम्हाला बघून उंबऱ्यातच थांबली. मला वाटतं, तिला वाटलं असेल की या शिकलेल्या पोरी आपल्या लेकीला चालवतील.

परत आल्यावर लॉगबुक, म्हणजे तासांची नोंदवही, मॅडमपुढे ठेवलं.

"ही सही कुणाची?"

"मॅनेजरची."

"म्हणजे तुझं काम कुणी पाहिलंच नाही."

एकही तास धरला गेला नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे जाऊन तीन महिने झाले होते. तो फोन त्याच दिवशी करायचा असतो. खूप भांडल्यावर 'व्हिसा'चे ९,५०० तेवढे परत आले, वर 'सदिच्छा म्हणून' असा मेसेज.

परदेशी प्लेसमेंटला जाऊच नका असं मी म्हणत नाही. दोन कॉलेजांचा करार असेल, तिथला थेरपिस्ट शेजारी उभा राहणार असेल तर जरूर जा. पैसे भरण्याआधी सुपरवायझरचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागा, आणि तुम्ही परतल्यावर त्या पेशंटला कोण बघणार तेही विचारा. हा दुसरा प्रश्न आम्हा पाच जणींपैकी एकीलाही सुचला नव्हता.

त्यांच्या नव्या जाहिरातीत माझा फोटो आहे. शेजारी ती मुलगी, बाही वर केलेली. काढून टाका म्हणून चार वेळा कळवलं. फी आता ९०,००० झाली आहे.