बुकिंग होतं, पैसे भरलेले नव्हते

ठाण्यातल्या एका बँकेत मी १९ वर्षं काउंटरला आहे. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हा फलक माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे टांगलेला आहे. त्याच खुर्चीत बसून, जेवणाच्या सुट्टीत, शेजारी डबा उघडा ठेवून मी बालीच्या स्कूबा सहलीसाठी एका अनोळखी माणसाच्या खात्यात ३३,००० रुपये टाकले. आधीचे टोकनचे ५,००० धरून ३८,०००. ओटीपी कुणी मागितलाच नव्हता.

हे लिहिताना लाज वाटते, पण बँकेतली बाई फसू शकते हे कळलं तर निदान चार जण सावध होतील. तेव्हा सगळं सांगते.

मला बोट लागते. दर्यावर पाच मिनिटं गेली की पोटातलं सगळं वर. मालवणला किल्ल्याजवळ पहिल्यांदा स्कूबा डाइव्हला, म्हणजे पाठीवर हवेचा टँक घेऊन पाण्याखाली गेले तेव्हा खाली काय दिसलं ते धड आठवत नाही, पण येता-जाता दोनदा ओकले ते पक्कं आठवतं. तरीही नाद लागला तो लागलाच. पुढे हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला जाऊन ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केला, तोही उलटीच्या गोळ्या खाऊन. तेव्हापासून डोक्यात एकच होतं, की टँक पाठीवर घेऊन किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येईल अशी जागा शोधायची. त्यात पैसेही वाचतात. डाइव्हच्या दरातला बराच भाग बोटीचं डिझेल आणि खलाशी खातात. किनाऱ्यावरून उतरायचं तर टँक, सामान आणि गाईड एवढाच खर्च.

माझा भाचा रत्नागिरीचा, त्यालाही हेच वेड. दोघांनी मिळून महिनाभर शोधाशोध केली. कॅरिबियनमधलं बोनेर हे बेट म्हणजे शोअर डाइव्हची, म्हणजे किनाऱ्यावरून उतरायच्या डाइव्हची पंढरीच. तिथे रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड ठेवलेले असतात, दगड दिसला की गाडी थांबवायची आणि पाण्यात उतरायचं. पण विमानाचं तिकीट बघूनच भाचा म्हणाला, “मावशी, हे पुढच्या जन्मी.” मालदीवच्या साध्या वस्तीच्या बेटांवर राहणं परवडतं, पण चांगल्या जागांसाठी पुन्हा बोटच. अंदमानातही बहुतेक डाइव्ह बोटीवरूनच होतात. शेवटी बाली ठरलं. पब आणि गर्दीवालं दक्षिण बाली नव्हे, ईशान्येचा किनारा, आमेड आणि तुलांबेन.

तुलांबेनला ‘लिबर्टी’चं रेक आहे, म्हणजे बुडालेलं जहाज. रबर आणि रेल्वेचं सामान घेऊन निघालेलं हे अमेरिकी मालवाहू जहाज. जानेवारी १९४२ मध्ये लोंबोकच्या सामुद्रधुनीत जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. ओढून नेता नेता ते बुडायला लागलं म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं. तिथे ते वीसेक वर्षं पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्या हादऱ्यांनी जहाज घसरून पाण्यात गेलं. आज ते किनाऱ्यापासून तीसेक मीटरवर आडवं पडलंय. वरचा भाग पाच मीटर खोलीवर, तळ तिसाच्या आसपास. माझ्यासारख्या ओपन वॉटरवाल्या, १८ मीटरच्या मर्यादेतल्या माणसालाही त्याचा बराच भाग बघता येतो. आणि बोट नाही!

तर, असा शोध चालू असताना फोनला सगळं कळत असतंच. एक रील समोर आलं: मराठी आवाज, निळंशार पाणी, पांढरीशुभ्र वाळू, ‘तुलांबेन-आमेड, सहा रात्री, प्रत्येकी आठ शोअर डाइव्ह, सामान-गाईड-पिकअपसह’. मी मेसेज टाकला. पाच मिनिटांत फोन. “ताई, तुम्ही कुठल्या? ठाण्याच्या? माझी आत्या नौपाड्यात.” पुढच्या वीस मिनिटांत मी त्याची ताई झाले होते, आणि भाचा ‘आपला दादा’.

दोघांचे मिळून ६८,०००. हा दर स्वस्त नव्हता हे नीट लक्षात घ्या. आम्ही स्वतः हिशोब मांडला होता तोही इतकाच येत होता. फुकटात द्यायला निघाला असता तर मला वास आला असता. शिवाय उरलेले ३०,००० तिकडे पोचल्यावर द्यायचे होते. जो माणूस निम्म्याच्या आसपास पैसे मागे ठेवतो तो चोर कसा असेल? हा माझा तर्क. टोकन दिल्यावर त्याने पाठवलेल्या पीडीएफवर हॉटेलचं नाव, डाइव्ह सेंटरचा लोगो, सगळं होतं. मग एक दिवस “ताई, रुपयाचा भाव पडतोय, आज भरलंत तर जुन्या दरात बसवतो.” खातं एका व्यक्तीच्या नावावर होतं. विचारलं तर म्हणाला, फर्मच्या खात्याचं जीएसटीचं काम चालू आहे. समोरच्या गिऱ्हाइकाने मला हे सांगितलं असतं तर मी त्याला खुर्चीत बसवून चहा पाजला असता आणि पैसे पाठवू दिले नसते.

चौकशी मी केली होती, हेच सगळ्यात जास्त बोचतं. पैसे भरण्याआधी हॉटेलला मेल टाकला: आमच्या नावाचं बुकिंग आहे का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, हो, सहा रात्री, दोन खोल्या, आपली वाट बघतो. त्या ओळीवर मी निर्धास्त झाले. उत्तर खोटं नव्हतं, प्रश्न चुकीचा होता. बुकिंग साइटवर ‘पैसे हॉटेलवर भरा, अमुक तारखेपर्यंत रद्द केल्यास शुल्क नाही’ असा पर्याय असतो. त्याने एक दमडी न भरता माझ्या नावाने खोल्या धरल्या, माझी खात्री पटू दिली, पैसे घेतले आणि मुदत संपायच्या आत रद्द केल्या. मी ‘पैसे भरलेत का, कोणी भरलेत, किती बाकी आहेत’ असं विचारलं असतं तर त्याच मेलवर सगळं उघडं पडलं असतं. डाइव्ह सेंटरला तर मी विचारलंच नाही. लोगो होता ना!

देनपसारला उतरलो. व्हिसाचे माणशी ५,००,००० रुपिया (तिकडचं चलन), पर्यटक कराचे १,५०,०००. ही शून्यं बघून पहिल्यांदा छातीत धस्स होतं, मग सवय होते. बाहेर नावाची पाटी घेतलेला कुणी नव्हता. त्याला मेसेज केला. उत्तर आलं: “ताई, ड्रायव्हरकडे मयत झालीय. तुम्ही टॅक्सी करा, तिथे आपला वायन पैसे देईल.” मयत म्हटल्यावर आपण गप्प बसतो. टॅक्सीने शंभरेक किलोमीटर, तीन तास.

वायनची गंमत ऐका. बालीत मुलांची नावं जन्माच्या क्रमाने ठेवतात. वायन म्हणजे थोरला. तिथे जाऊन वायनला विचारा म्हणणं म्हणजे कोकणातल्या वाडीत उतरून ‘आमचा बाळा भेटेल’ म्हणण्यासारखं. डाइव्ह सेंटरमध्ये आम्ही वायनचं नाव घेतलं तेव्हा तिघांनी माना वर केल्या. तिघेही भले. तिघांनाही आमच्याबद्दल काही माहीत नव्हतं. त्यांनी तो पीडीएफ बघितला आणि त्यातला एक जण हसायलाच लागला. पीडीएफवर लिहिलं होतं, ‘लिबर्टी रेक: बोट चार्जेस समाविष्ट’. त्याने बोटाने समोर दाखवलं. दगड, त्यापुढे पाणी, आणि पाण्यात शिरणारी माणसं.

वाळू नव्हतीच. तुलांबेनचा किनारा म्हणजे आगुंगचे काळे गोल दगड, नारळाएवढे, पायाखाली सरकणारे. रीलमधली पांढरी वाळू भलत्याच कुठल्यातरी बेटाची होती. महिनाभर मी त्या जहाजाबद्दल वाचत होते, ज्वालामुखीबद्दल वाचत होते, आणि ज्वालामुखीच्या पायथ्याशी पांढरी वाळू कुठून आली हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या संध्याकाळी ओसरीवर बसून भाच्याने आणि मी जुने मेसेज पहिल्यापासून वाचले. त्या माणसाने आम्हाला एकदाही सर्टिफिकेशन कार्ड मागितलं नव्हतं. किती डाइव्ह झाल्या, शेवटची कधी केली, उंची-वजन किती, पायाचं माप काय, दमा आहे का, कान दुखतात का, काही नाही. खऱ्या डाइव्ह सेंटरने दारात पाय ठेवल्याबरोबर हे सगळं विचारलं आणि तब्येतीचा फॉर्म पुढे सरकवला. मागितली होती ती फक्त पासपोर्टची प्रत, आणि ती मी दिली. आणखी एक, आमच्या धंद्यातली गोष्ट. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला ऑक्टोबर २०२० पासून गिऱ्हाइकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर घ्यावा लागतो, म्हणजे पॅन मागावाच लागतो. त्याने पॅनचं नाव काढलं नाही. मीही ‘कशाला आठवण करून देऊ, तेवढेच वाचतील’ म्हणून गप्प राहिले. माझ्या या चोरट्या आनंदाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

मुळात मी दरावर घासाघीस केली, पण ‘पाण्यात कुठून उतरायचं, दगड आहेत की वाळू, लाटा असल्या तर काय करता’ हे विचारलं नाही. शोअर डाइव्ह विकणाऱ्याला पहिला प्रश्न तोच विचारायला हवा. ज्याने ते पाणी पाहिलंय तो तासभर बोलेल.

हॉटेल भरलेलं होतं. शेजारच्या गल्लीत एका घरातली खोली मिळाली, स्वच्छ आणि निम्म्या दरात. आठऐवजी चार डाइव्ह केल्या. दोन डाइव्हचे माणशी ११,००,००० रुपिया, म्हणजे सहाएक हजार रुपये, गाईड आणि सामानासह. गावातल्या बायका टँक डोक्यावर ठेवून त्या दगडांवरून आपल्या अंगणात चालल्यासारख्या चालत होत्या, आणि त्यांच्यामागे मी बीसीडी, म्हणजे टँक अडकवायचं फुगणारं जॅकेट, घालून धडपडत. पहाटे उतरलो तेव्हा टेंगळाच्या कपाळाचे मोठे पोपटमासे जहाजाच्या कडेने कळपाने चालले होते. तेवढा अर्धा तास मला त्या माणसाचा विसर पडला. भाच्याने मात्र वर आल्यावर मास्क काढायच्या आधी त्याला एक मालवणी शिवी हासडली.

नवऱ्याने ठाण्याहून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण पैसे जाऊन पाच आठवडे झाले होते. हा नंबर उपयोगी पडतो तो पहिल्या काही तासांत, पैसे पुढे सरकण्याआधी. खातं निघालं दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजच्या पोराचं, भाड्याने दिलेलं. शिल्लक १,१४० रुपये, ती गोठवली आहे. लोक मला विचारतात, तीन दिवसांत कळवलं तर बँक पैसे परत देते ना? रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं ते परिपत्रक अनधिकृत, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः न केलेल्या व्यवहारांसाठी होतं. मी माझा पिन माझ्या हाताने टाकला होता. हे वाक्य मी काउंटरवर किती जणांना ऐकवलंय! क्रेडिट कार्डाने भरले असते तर निदान वाद घालायला जागा होती. हल्ली समोरचा माणूस रडवेला झाला की मी खिडकी बंद करून त्याला आत बोलावते.

गेल्या आठवड्यात भाच्याने एक लिंक पाठवली. नाव नवीन, आवाज तोच, पांढरी वाळूही तीच. मी खाली लिहिलं, ‘तुलांबेनला काळे दगड आहेत.’ दहा मिनिटांत मला ब्लॉक केलं. भाच्याने दुसऱ्या नंबरवरून नुसतंच विचारलं, पाण्यात कुठून उतरायचं? उत्तर आलं, “दादा, आधी टोकन टाका, मग लोकेशन पाठवतो.”