सायलेन्सरचा क्लॅम्प: डबल नट लावायचा की लॉकनट?

मोटरसायकलच्या इंजिनातून निघणारा बेंड पाईप आणि सायलेन्सर जुळतात तिथला क्लॅम्प सारखा ढिला होतोय, स्प्रिंग वॉशर बदलून झालाय, तरी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरचा घाट उतरताना थ्रॉटल सोडला की ढिल्या जोडाची फटफट ऐकू येतेच. तुमची गाडी इथवर आली असेल तर पुढचं वाचा. मी दोन पावसाळे तिथेच अडकलो होतो. गॅरेजात विचारलं की दोनच उपाय कानावर येतात. एकावर एक दोन नट आवळा, म्हणजे वरचा चेक नट. नाहीतर पूर्ण धातूचा लॉकनट, म्हणजे बोल्टच्या आट्यांना घट्ट धरून राहणारा नट लावा. माझ्या ३५० सीसीच्या सिंगल सिलिंडर गाडीवर मी दोन्ही वापरले.

नायलॉनची रिंग असलेला नट या तुलनेत धरलाच नाही. ती रिंग साधारण १२० अंशांपर्यंतच काम देते, आणि पाईप त्याच्या बराच वर जातो. आट्यांना लावायचा निळा डिंक, म्हणजे थ्रेडलॉकरही एवढ्या उष्णतेत मऊ पडतो. स्प्रिंग वॉशरचं तेच, तापून तापून त्याचा ताण निघून जातो.

डबल नटची बाजू आधी. तो स्वस्त आहे, कुठल्याही दुकानात मिळतो आणि मेढ्यासारख्या ठिकाणी रस्त्याकडेच्या मेकॅनिकलाही समजावून सांगावा लागत नाही. नीट लावला तर हलतही नाही. नीट म्हणजे खालचा नट पान्याने धरून ठेवायचा आणि वरचा त्यावर आवळायचा. माझे दोन नट अख्ख्या पावसाळ्यात एकमेकांपासून जराही सरकले नाहीत. मी त्यांच्यावर रंगाची रेघ मारली होती, ती जुळलेलीच राहिली.

आणि तरीही क्लॅम्प ढिला झाला.

हे कोडं सुटायला मला वेळ लागला. नट फिरून सुटणं हा एक प्रकार. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९मध्ये दाखवलं होतं की जोड आडवा हलत राहिला तर नट आपोआप उलटा फिरत जातो, आणि सिंगल सिलिंडरची थरथर याच जातीची. पण क्लॅम्पच्या बाबतीत दुसराही प्रकार असतो. जोडातलं पॅकिंग तापून दबतं, क्लॅम्पची पट्टी ताणली जाते, पाईप तापताना फुगतो आणि निवताना आकसतो. नट जागचा हलत नाही, पण बोल्टमधला ताण गेलेला असतो. त्यामुळे नवं पॅकिंग टाकल्यावर शंभरेक किलोमीटरने गाडी थंड असताना क्लॅम्प पुन्हा आवळावाच लागतो. दोन्हींपैकी काहीही लावा, हे चुकत नाही.

माझा निर्णय झाला तो इथेच. डबल नट पुन्हा आवळायचा म्हणजे आधी वरचा सोडवायचा, मग खालचा कसायचा, मग पुन्हा वरचा. दोन पाने लागतात, त्यातला एक पातळ. माझ्या गाडीत क्लॅम्प आणि मेन स्टँडच्या मधे एक पाना जेमतेम शिरतो. जुलैत कास ओलांडून बामणोलीला जाऊन आल्यावर चेक नट गंजून बसला होता, पाना घसरला आणि हाताची सालं निघाली. मग मी ते काम पुढे ढकललं. महिनाभराने पॅकिंग उडालेलं होतं आणि जोडापाशी काळी काजळी धरली होती.

लॉकनटचं वरचं तोंड किंचित चेपलेलं असतं, त्यामुळे आटे बोल्टला धरून राहतात. हाताने फिरवला तर अडतो, तीच त्याची खूण. ताण गेला तरी तो गळून पडत नाही. आणि एक १३चा रिंग पाना, पाव फेरा, काम झालं. आता दर दुसऱ्या रविवारी चेन साफ करताना मी तो सहज तपासतो. गेल्या पावसाळ्यात दोनदा आवळावा लागला, पण घाटात फटफट एकदाही ऐकू आली नाही.

त्याच्याही अडचणी आहेत. वजनावर नट-बोल्ट विकणाऱ्या दुकानात मला तो मिळाला नाही, ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाला. चार-पाचदा काढला-घातला की पकड कमी होते. हाताने सहज बसायला लागला की नवा घ्यायचा. स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट कोरडा लावलात तर आटे एकमेकांत रुतून बोल्ट तुटू शकतो, म्हणून आट्यांना कॉपर ग्रीस लावा. सायलेन्सर बसवताना सगळे नट आधी हलकेच लावून घ्या आणि इंजिनाकडून मागे आवळत या. नाहीतर पाईप वाकडा ताणलेला राहतो आणि त्याचा सगळा भार क्लॅम्पवर येतो.

तुमच्या गाडीत क्लॅम्पपाशी हात मोकळा जात असेल आणि बोल्टचे आटे दोन नटांना पुरत असतील, तर डबल नट वाईट नाही. माझ्या मित्राच्या गाडीवर तो छान टिकलाय, त्याला बदलायला मी सांगणारही नाही. जागा अडचणीची असेल तर मात्र मी लॉकनटच घेईन, आणि एक जादा सीटखालच्या टूलकिटमध्ये ठेवीन.