ट्रान्सपॉन्डर ठेवावा की कोहेरंट प्लगेबल थेट राउटरमध्ये लावावा?

दोन शहरांत ४०० गिगाबिटची लिंक उभी करायला आज दोन रस्ते आहेत. पहिल्यात राउटरमध्ये साधं ग्रे ऑप्टिक (जवळच्या अंतराचं मॉड्यूल), तिथून पॅचकॉर्डने ट्रान्सपॉन्डर (तो सिग्नल लांब पल्ल्याच्या ठरावीक वेव्हलेंग्थवर बदलणारं वेगळं यंत्र) आणि पुढे डीडब्ल्यूडीएम (एकाच फायबरवर अनेक वेव्हलेंग्थ नेणारी यंत्रणा). दुसऱ्यात ४००झेडआर किंवा लांब पल्ल्याचं झेडआर-प्लस हे कोहेरंट प्लगेबल, म्हणजे ट्रान्सपॉन्डरचं काम स्वतःच करणारं छोटं मॉड्यूल, थेट राउटरच्या क्यूएसएफपी-डीडी पोर्टात. त्यामुळे प्रत्येक लिंकमागे दोन ट्रान्सपॉन्डर आणि चार ग्रे ऑप्टिक्स वाचतात, शिवाय रॅकमधली जागा आणि वीजही. कोटेशन पाहून बहुतेक जण इथेच निर्णय घेतात. त्याआधी फायबर मोजा.

ओटीडीआरने (फायबर तपासणारं यंत्र) १५५० नॅनोमीटरवर प्रत्यक्ष लॉस, म्हणजे डीबीमध्ये मोजलेली प्रकाशाची घट, काढा, कागदावरचा धरू नका. फायबर एकदा तुटलं की दुरुस्तीत साधारण दोन सांधे वाढतात, आणि रस्त्याची खोदकामं सतत चालू असलेल्या मार्गावर लॉस वर्षागणिक चढतो. किलोमीटरला ०.२५ डीबी धरणं बरं. ४००झेडआरला अॅम्प्लिफायरशिवाय, एकाच वेव्हलेंग्थला, ११ डीबीचं बजेट आहे. कनेक्टर आणि पुढच्या दुरुस्त्या वजा केल्या की ३०-३५ किलोमीटर उरतात. दोन्ही टोकांना अॅम्प्लिफायर दिले तर १२० किलोमीटरपर्यंतचा एक स्पॅन हे त्याचं ठरलेलं काम. मुंबई-पुणे रस्त्यानेच सुमारे १५० किलोमीटर. फायबर १६० धरलं तर ४० डीबी. तिथे घाटाच्या आसपास मधला अॅम्प्लिफायर आणि जास्त ताकदीचं एफईसी (चुका दुरुस्त करणारं कोडिंग) असलेलं झेडआर-प्लस लागेल. साधं झेडआर तिथे घेऊ नका.

आता फिल्टर. हा सिग्नल साधारण ६० गिगाबॉडचा (सेकंदाला ६० अब्ज सिम्बॉल) असतो. जुन्या ५० गिगाहर्ट्झच्या मक्स (वेव्हलेंग्थ एकत्र करणारा फिल्टर) किंवा रोडममधून (वेव्हलेंग्थ दूरवरून वळवणारा ऑप्टिकल स्विच) तो नीट जात नाही, ७५ किंवा १०० गिगाहर्ट्झची जागा हवी. दुसरी अडचण पॉवरची. झेडआरचं प्रक्षेपण -१० डीबीएमच्या (१ मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली पॉवर) आसपास, तर शेजारचे ट्रान्सपॉन्डरचे चॅनेल ० डीबीएमच्या घरात. सिग्नल लाइनमध्ये घालणाऱ्या (अॅड) बाजूच्या अॅम्प्लिफायरने फरक भरून निघतो, पण नॉइज वाढतो आणि ओएसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) घसरतो. लाइनमध्ये रोडम असतील तर ० डीबीएमचं मॉड्यूलच मागवा.

उष्णतेचं गणितही आधीच करा. झेडआर १५ वॉटच्या आसपास खातं, झेडआर-प्लस त्याहून जास्त. सगळ्या पोर्टांत ते चालतं का, की शेजारचे पोर्ट रिकामे ठेवावे लागतात, हे राउटर कंपनीकडून लेखी घ्या.

लाइन तुमची नसून वेव्हलेंग्थ भाड्याची असेल, तर समोरचा ऑपरेटर परक्या लेझरला आपल्या लाइनमध्ये घेईल का, हे करारात लिहून घ्या. तो नाही म्हणाला तर विषय संपला, ट्रान्सपॉन्डर त्याचाच राहील.

राउटिंगच्या बाजूने प्लगेबलचा खरा फायदा आमच्या मते खर्चात नाही. प्री-एफईसी बीईआर, म्हणजे दुरुस्तीआधीचं चुकलेल्या बिट्सचं प्रमाण, थेट राउटरला दिसतो. ४००झेडआरची मर्यादा १.२५×१०⁻² आहे, त्याआधीचा उंबरठा ठरवला, तर लिंक पडण्याआधीच ट्रॅफिक हलवता येतो. ट्रान्सपॉन्डर मध्ये असेल तर लाइनवरची ही घसरण राउटरला कळत नाही.

मात्र दोन्ही पर्यायांत एक धोका सारखाच राहतो. ओएसपीएफ किंवा आयएस-आयएस या राउटिंग प्रोटोकॉलला (आयजीपी) दोन लिंक वेगळ्या दिसतात आणि दोन्ही फायबर एकाच चरातून जातात. एका जेसीबीच्या फटक्यात मुख्य आणि बॅकअप दोन्ही जातात. उपाय म्हणजे एसआरएलजी (एकत्र तुटू शकणाऱ्या लिंकचे गट): चर, पूल, डक्ट यांना क्रमांक द्या, ते ऑप्टिकल कंट्रोलरमधून आपोआप राउटरवर आणा आणि बॅकअप मार्ग काढताना तेच क्रमांक टाळायला सांगा. हाताने भरलेली यादी पहिल्या रीरूटनंतरच शिळी होते. रोडमने मार्ग २०० वरून ६०० किलोमीटरवर नेला, तर एका दिशेचा विलंब सुमारे २ मिलिसेकंद वाढतो. आयजीपी मेट्रिक (मार्ग निवडायला वापरलेला लिंकचा आकडा) मात्र तोच राहतो, म्हणून लिंकचा विलंब मोजून आयजीपीत जाहिरात करा.

दोन्ही थर एकाच कंट्रोल प्लेनखाली आणावेत का? इंटरनेट मानकांच्या आरएफसी ३७१७ या दस्तऐवजाने २००४ मध्येच पीअर (दोन्ही थरांना एकच कंट्रोल प्लेन) आणि ओव्हरले (दोन्ही वेगळे) हे पर्याय मांडले होते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ओव्हरलेच धरावा: कंट्रोलरला आधी फक्त वाचू द्या, बदल करायचा अधिकार नंतर द्या.

टायमर जुळले नाहीत तर दोन्ही थर एकाच वेळी धावतात. खाली ५० मिलिसेकंदांचं ऑप्टिकल प्रोटेक्शन असेल तर राउटरचा कॅरिअर-डिले (लिंक पडली असं मानण्याआधीची वाट) १०० मिलिसेकंद आणि बीएफडी (लिंक जिवंत आहे का हे सतत तपासणारा प्रोटोकॉल) ५० मिलिसेकंद×३ ठेवा. प्रोटेक्शन नसेल तर कॅरिअर-डिले शून्य करा आणि टीआय-एलएफएला (राउटरने आधीच काढून ठेवलेला बॅकअप मार्ग) काम करू द्या. कोहेरंट पोर्ट फायबर जोडताच वर येत नाही. बंद-चालू केलेल्या मॉड्यूलला मिनिटभर किंवा जास्त द्या, उगाच पुन्हा ओढून काढू नका.