लंडनचं चार्टरहाऊस: प्लेगच्या दफनभूमीवरचं संग्रहालय

बार्बिकन ट्यूब स्टेशनपासून चालत दोन-तीन मिनिटं. संग्रहालय फुकट, गाईडेड टूरला तिकीट. टूर आधी बुक केलेली बरी. चार्टरहाऊस म्हणजे जुना मठ, पुढे त्याचा वृद्धाश्रम झाला; इथे आजही वृद्ध रहिवासी राहतात, त्यामुळे आतल्या वास्तू टूरशिवाय बघता येत नाहीत.

संग्रहालय छोटंसं, पण काचपेटीतला सांगाडा बघून पाय थबकतात. 1348 मध्ये लंडनला प्लेगने गाठलं, तेव्हा वॉल्टर मॅनी या सरदाराने ही जागा प्रेतं पुरायला घेतली. 2013 मध्ये क्रॉसरेल या नव्या रेल्वेमार्गासाठी शाफ्ट (उभा खड्डा) खणताना रस्त्याखाली जेमतेम अडीच मीटरवर 25 सांगाडे निघाले. काहींच्या दातांच्या गाभ्यात प्लेगच्या जिवाणूचा, येर्सिनिया पेस्टिसचा, डीएनए सापडला. (1896 मध्ये मुंबईत शिरलेलाही हाच.) प्रेतं कशीही फेकलेली नव्हती, ओळीने ठेवलेली होती. सामूहिक खड्ड्याचं चित्र डोक्यात घेऊन येणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं.

जाण्याआधी थोडं वाचून जा. 1347 मध्ये काळ्या समुद्राकडून जहाजांनी रोग सिसिलीतल्या मेसिना बंदरात आणला, पुढच्या वर्षी तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरला. माणसं इतकी मेली की मजूर मिळेनात आणि उरलेले जास्त मजुरी मागू लागले. 1351 च्या कायद्याने मजुरी 1346 च्या दरावर बांधली, तरी ती वाढतच राहिली. 1381 च्या इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांच्या उठावामागे हाही राग होता. ही पार्श्वभूमी माहीत नसेल तर टूर नुसत्या जुन्या इमारतींची वाटेल.